एकटं कुणी घाट चढणार नाही

मालिकेलेलीच्या जोआलाला, म्हणजे ज्वारीच्या बियरला, खोऱ्यात तोड नव्हती, आणि तिच्या तोंडालाही. ज्वारीला मोड किती येऊ द्यायचे, रांजण कधी ढवळायचा, आंबट कुठे थांबवायचं, हे तिला नुसत्या वासावरून कळायचं. घरामागच्या उंच काठीवर जोआला तयार झाल्याचं पांढरं निशाण चढलं, की मेंढपाळ, रस्त्यावरचे मजूर, शाळेचे मास्तर, इस्पितळाचे वॉर्डबॉय असे सगळे चारी डोंगरांवरून तिच्या अंगणात उतरायचे. पत्र्याच्या डब्यातून घुटका घेऊन कुणी म्हणालं, आज जरा पातळ लागतेय, तर ती म्हणायची, "पातळ तुझी जीभ झालीय. बायकोशी खोटं बोलून बोलून झिजली."

तिचं स्वतःचं नाव आता कुणाला आठवत नव्हतं. मुलगी लिकेलेली झाली, तेव्हापासून ती लिकेलेलीची आई, म्हणून मालिकेलेली. मुलगी लग्न होऊन सीमेपलीकडे गेली, आणि घरात राहिली ही आणि नवरा मोहापी. मोहापीनं उमेदीची वर्षं सोन्याच्या खाणीत घालवली होती. परत आला तो खोकला आणि एक बहिरा कान घेऊन. तो फारसा बोलत नसे. दोघांच्या वाटचं बोलणं एकटी मालिकेलेली बोलायची, आणि त्याला ते बरं वाटायचं.

त्या दिवशी मोहापी मेंढवाड्याची ढासळलेली भिंत रचत होता. दगड उचलता उचलता तो खाली बसला तो उठेना.

"काय झालं?" तिनं दारातून विचारलं.

"काही नाही. छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतंय."

"कोण बसलंय? उठव त्याला."

पण जवळ जाऊन पाहते, तर त्याचा चेहरा राखेसारखा झालेला, आणि एवढ्या गारठ्यात कपाळावर घामाचे थेंब.

गावच्या दवाखान्यात त्याला चघळायला गोळी दिली. तालुक्याच्या इस्पितळातून अँब्युलन्स आली, त्याला तिकडे घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरनं कागदावरच्या रेघा पाहिल्या आणि सांगितलं, हार्ट अटॅक आहे, इथं आमच्यानं काही व्हायचं नाही, मासेरूला न्या. मासेरू म्हणजे राजधानी, मोठा घाट चढून पलीकडे उतरायचं. घाट कसला, डोंगराच्या बरगड्या मोजत जायचं.

मोहापीला मागे स्ट्रेचरवर पट्ट्यांनी बांधलं. त्याच्या शेजारी ऑक्सिजनचे रिकामे सिलिंडर टाकले, कारण ते भरून आणायचे होते आणि गाडी जातच होती. सिस्टर कुणी चढली नाही. मालिकेलेली मागे चढायला लागली तर ड्रायव्हर फाकिसो आईला हाक मारावी तसं म्हणाला, "म्मे, नातेवाइकांनी पुढे बसायचं. तसा नियम आहे."

मध्ये एक हातभर काच होती. तिच्यातून तिला मोहापीचा हात दिसायचा. पायथ्याशी तिनं काच वाजवली, त्यानं बोटं हलवली. अर्ध्या घाटात वाजवली, बोटं हलली. पुढच्या एका वळणावर सिलिंडर घरंगळले आणि मागच्या दारावर धाडकन आदळले. तिनं काच वाजवली. हात तसाच राहिला. तिनं दोन्ही मुठींनी काच बडवली.

"थांबव गाडी."

"म्मे, घाटात थांबायचं नाही असा हुकूम आहे," फाकिसो रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला. "आणि थांबून करू काय? माझ्या हातात काय आहे?"

 याचं उत्तर तिला मासेरूत मिळालं. गाडीचं दार उघडलं तेव्हा मोहापी गार झाला होता. एक तरुण डॉक्टर धावत आला, त्यानं मानेला हात लावला, डोळे उघडून पाहिले, आणि मग हळूच विचारलं, "बरोबर कोण होतं?"

"मी."

"तसं नाही म्मे. मागे कोण होतं?"

"सिलिंडर होते," मालिकेलेली म्हणाली.

डॉक्टरनं गाडीचं दार लावलं. मग त्यानं तिला बाकावर बसवून सांगितलं, की या दुखण्यात पहिल्या काही तासांत हृदय वाटेतच अचानक बंद पडू शकतं. जवळ शॉकचं मशीन असलं आणि ते चालवणारं माणूस असलं, तर पुष्कळदा ते परत सुरू होतं. नेहमीच नाही, पण पुष्कळदा. "तुमच्या तालुक्याला आम्ही मशीन पाठवलंय की," तो म्हणाला. "कुठंय ते?"

हा प्रश्न घेऊन ती घाट उतरून परत आली.

मोहापीचं दफन झालं. गाय कापली, गावानं रात्रभर भजनं म्हटली, बायकांनी तिचे केस कापले आणि तिच्या अंगावर काळे कपडे चढवले. काळे कपडे अंगावर असेपर्यंत विधवेनं मोठ्यानं बोलू नये, चारचौघांत पुढे पुढे करू नये, सूर्य मावळायच्या आत घरात असावं. म्हाताऱ्या बायकांनी हे सगळं तिला नीट समजावून सांगितलं. तिनं मान डोलावली आणि दुसऱ्याच आठवड्यात त्याच कपड्यांत इस्पितळाच्या मेट्रनसमोर जाऊन उभी राहिली.

मेट्रन कडक बाई होती, पण दुष्ट नव्हती. तिच्या खोलीत एक काचेचं कपाट होतं, आणि कपाटात, प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा न काढलेलं, ते मशीन होतं.

"ते रस्त्यावर न्यायचं नाही," मेट्रन म्हणाली. "घाटातली धूळ, खड्डे. बिघडलं तर जाब मला द्यावा लागेल."

"आणि माणूस बिघडलं तर कोण देतं?"

"हे बघ म्मे, तुझं दुःख मला कळतं. पण माझ्याकडे सिस्टर आहेत मूठभर. एक मासेरूला पाठवली की ती दिवसभर गेली. इकडे बाळंतिणी असतात, पोळलेली पोरं असतात. त्यांना काय सांगू? थांबा, आमची सिस्टर फिरायला गेलीय?"

हे खोटं नव्हतं. मालिकेलेलीला ते कळत होतं, आणि म्हणूनच तिला जास्त राग आला. "म्हणजे कुणी एकट्यानं मरायचं, हे तुम्ही ठरवायचं."

मेट्रन उठून उभी राहिली. "तू जोआला विकतेस ना? मग ती विक. इस्पितळ मी चालवते."

"बरं," मालिकेलेली म्हणाली. "आता तीही नाही विकत."

घरी येऊन तिनं काठीवरचं निशाण उतरवलं.

पहिल्या शनिवारी लोकांना वाटलं, बाई दुःखात आहे. दुसऱ्या शनिवारी कुजबुज सुरू झाली. तोवर मालिकेलेली खोऱ्यातल्या प्रत्येक जोआलावालीच्या घरी जाऊन, एकटं कुणी घाट चढणार नाही असं होईपर्यंत जोआला विकायची नाही, अशी शपथ घालून आली होती. पुरुषांना वाटलं, ही बाई एकटीची सोंगं करतेय. पण त्या रस्त्यानं कुणाकुणाला नेलं होतं, हे तिला पाठ होतं. एकीचा सासरा, एकीची धाकटी जाऊ, एकीचा ऐन पस्तिशीतला भाऊ. घाटातल्या त्या वळणावर काय झालं, हे यांपैकी कुणालाच कधी कळलं नव्हतं. कळवणारं तिथं कुणी नव्हतंच. एकेका अंगणातलं निशाण उतरत गेलं.

एकटी माकोपानो ऐकेना. माकोपानो आणि मालिकेलेली यांचं वैर जुनं होतं. कुणाची जोआला जास्त चांगली यावरून ते सुरू झालं, आणि आता कशावरूनही चालायचं.

"तुझा नवरा गेला, वाईट झालं," माकोपानो चुलीवर मक्याच्या पिठाचा पापा घोटता घोटता म्हणाली. "पण माझी नातवंडं काय खाणार? तुझी शपथ?"

"चार दिवस मोरोहो खाऊ देत. पालेभाजीनं पोरं मरत नाहीत. एकट्यानं घाट चढून मरतात."

"तू कुणाची राणी लागून गेलीस?"

"मी कुणाची नाही. म्हणून तर फिरतेय दारोदार."

माकोपानोनं निशाण उतरवलं खरं, पण घराच्या मागच्या बाजूनं, गुपचूप, डबे भरणं चालूच ठेवलं. सगळ्या खोऱ्याला ते माहीत होतं. खोऱ्यात गुपित ठेवायला जागाच नाही, सगळं उतारावरच आहे.

शनिवार कोरडे जाऊ लागले तशी माणसं चिडली. मेंढ्यांची लोकर कातरायचे दिवस होते. कातरणी झाली की जोआला प्यायची हा आजोबा-पणजोबांचा रिवाज. मजुरांनी काम अर्धवट टाकलं. वॉर्डबॉय मेट्रनकडे तोंड वाकडं करून बघू लागले. ड्रायव्हर फाकिसो एकदा संध्याकाळी आला आणि मालिकेलेलीच्या कुंपणाबाहेरच्या दगडावर बसून राहिला.

"म्मे, माझा काय दोष?" शेवटी तो म्हणाला. "मला गाडी चालवायला ठेवलंय."

"थांबवायलाही ठेवलंय. ब्रेक आहे ना तुझ्या गाडीला?"

"आहे."

"मग तो नुसता शोभेला आहे का?"

फाकिसोनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "सिस्टर असली तर थांबेन मी," तो म्हणाला. "हुकूम गेला खड्ड्यात. पण सिस्टर आणा."

"तेच चाललंय," ती म्हणाली, आणि त्याला पाणी दिलं. फक्त पाणी.

शेवटी गावच्या प्रमुखांनी, मोरेनांनी, पित्सो म्हणजे गावसभा बोलावली. सगळं गाव मैदानात जमलं. पुरुष कांबळी पांघरून पुढे, बायका मागे. मेट्रनलाही बोलावलं होतं, तिला खुर्ची दिली होती. मोरेना बराच वेळ रिवाजाबद्दल बोलले, पाहुण्याला जोआला विचारणं म्हणजे माणुसकी, वगैरे. मग त्यांनी मालिकेलेलीला उभं केलं.

"म्मे, तुझं म्हणणं मेट्रननं ऐकलंय. त्या विचार करतील म्हणतात. आता निशाण चढव."

"मोरेना, विचार करून झाला की चढवते."

मागे कुणीतरी हसलं. मोरेनांचा आवाज चढला. "तुझ्या अंगावर अजून काळे कपडे आहेत. या कपड्यांत बाईनं भरसभेत उलट बोलावं?"

 एवढ्या माणसांपुढे मालिकेलेली कधी बोलली नव्हती. अंगणात पिणाऱ्यांना टोमणे मारणं वेगळं. तिनं कपड्याचा काठ मुठीत धरला.

"हे कपडे मला मोरेनांनी नाही घातले," ती म्हणाली. "ते त्या गाडीनं घातले. ती गाडी ज्या दिवशी बदलेल त्या दिवशी मी गप्प बसेन. तुम्ही मला दंड करा, माझी शेळी न्या. निशाण चढणार नाही."

मोरेनांनी दंड केला नाही. त्यांनी सभा मोडली, एवढंच. जाता जाता ते शेजारच्या म्हाताऱ्याला म्हणाले, की ही बाई पुरुष असती तर तिला पोलिसात दिलं असतं. आणि म्हातारा म्हणाला, मोरेना, ती पुरुष असती तर आतापर्यंत तहानेनं शरण आली असती.

त्यानंतर जे झालं ते कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

एका शनिवारी दुपारी माकोपानोच्या घरामागे पाच-सहा जण चोरून पीत बसले होते. माकोपानो रांजणातून डबा भरून वळली आणि डब्यासकट खाली कोसळली. पिणारे आधी घाबरले, मग चोरी उघडकीला येईल म्हणून पळाले. एकाला तेवढी लाज वाटली. तो धापा टाकत आला तो थेट मालिकेलेलीच्या दारात. मोहापीनंतर खोऱ्यात असं काही झालं की पहिलं पाऊल तिच्याकडेच वळायचं.

मालिकेलेली पोचली तेव्हा माकोपानो भिंतीला टेकून बसली होती. चेहरा राखेसारखा. डावा हात जबड्याला लावलेला, कपाळावर तोच घाम. मालिकेलेलीला क्षणभर वाटलं, आपण पुन्हा मेंढवाड्यात उभ्या आहोत.

"तू कशाला आलीस?" माकोपानो पुटपुटली. "हसायला?"

"हसू नंतर. आता गप्प बस."

चार जणांनी तिला कांबळ्यात घालून दवाखान्यात नेलं. गोळी दिली. गाडी आली, तालुक्याला नेलं, पुन्हा त्या कागदावरच्या रेघा, पुन्हा तेच शब्द: मासेरूला न्या. बातमी गाडीपेक्षा जोरात धावली होती. इस्पितळाच्या फाटकाशी खोऱ्यातल्या बायका जमल्या होत्या, निशाणं उतरवून बसलेल्या सगळ्या. फाकिसोनं गाडी काढली. मागे माकोपानो बांधलेली, एकटी.

गर्दीतून एक आवाज आला, "जाऊ दे तिला तशीच. आपल्या पाठीत सुरा घातलाय तिनं."

दोघी-तिघींनी माना हलवल्या. मालिकेलेली गर्रकन वळली.

"कोण बोललं? पुढे ये. तू? तुझ्या भावाला नेलं तेव्हा तो कुणाशी कसा वागला होता, हे विचारलं होतं का कुणी? एकटं कुणी जाणार नाही म्हटलं ना? कुणी म्हणजे कुणी. ही भवानीसुद्धा."

एवढं बोलून ती गेली आणि अँब्युलन्सच्या पुढच्या चाकासमोर, धुळीत, मांडी घालून बसली.

मेट्रन धावत आली. "रस्ता सोड! एकेक मिनिट मोलाचं आहे. उशीर झाला आणि ती गेली, तर ते पाप तुझ्या माथी."

हाच तो क्षण होता, ज्याची मालिकेलेलीला भीती होती. मेट्रन खरं बोलत होती. गाडी इथं जितकी उभी राहील तितकं मागचं हृदय मरत होतं. उठावं, जाऊ द्यावं, असं तिच्या मनात येऊन गेलं. मग तिला काचेपलीकडचा तो हात दिसला.

"मग घाई करा," ती खालूनच म्हणाली. "मी एका पायावर उठायला तयार आहे. तुम्ही ते कपाट उघडा."

मेट्रन हलेना. फाकिसोनं इंजिन बंद केलं. तेवढ्यात वॉर्डाचं दार उघडलं आणि सिस्टर सेबोलेलो बाहेर आली. ही तरुण मुलगी गेल्या हिवाळ्यातच शिकून आली होती. तोपर्यंत कुणी तिचा मोठा आवाज ऐकला नव्हता. त्या दिवशी वॉर्डाच्या किल्ल्यांबरोबर त्या कपाटाचीही किल्ली तिच्या कमरेला होती. तिच्या हातात मशीन होतं. प्लॅस्टिकची पिशवी तिनं वाटेतच फाडून टाकली होती.

"ते जागेवर ठेव," मेट्रन म्हणाली.

"नाही ठेवत, म्मे."

"नोकरी जाईल."

"जाऊ दे. मी हे चालवायला शिकलेय. कपाट पुसायला नाही."

"आणि वॉर्ड? दोन बाया कळा देतायत आत!"

धुळीतून उठता उठता मालिकेलेली म्हणाली, "तुम्ही आहात की, मेट्रनबाई. हात विसरले नसतील."

सेबोलेलो मागे चढली, तिनं दार लावून घेतलं. मालिकेलेली पुढे बसली. सूर्य कलला होता, आणि काळे कपडे घातलेली बाई दिवेलागणीच्या आत घरी पोचणार नव्हती, हे फाटकाशी उभ्या असलेल्या प्रत्येक म्हातारीनं पाहिलं. त्यांनी बाजूला सरून गाडीला वाट दिली.

फाकिसोनं गाडी हाकली ती फार वेगात नाही. सेबोलेलोनं आतून सांगितलं होतं, पळवू नका, आदळू नका. मालिकेलेली काचेला गाल लावून बसली होती. आत माकोपानो कुरकुरत होती, पट्टे घट्ट झाले म्हणून, आणि तिची कुरकुर ऐकून मालिकेलेलीला पहिल्यांदाच बरं वाटत होतं.

घाटमाथा दिसू लागला आणि कुरकुर थांबली.

सेबोलेलोनं काचेवर थाप मारली. एकच. फाकिसोनं विचारलं नाही, जागा पाहिली नाही, वळणाच्या तोंडाशी, ऐन रस्त्यात ब्रेक दाबला आणि चाकांना दगड लावायला उडी मारली. मालिकेलेलीही उतरली. खालून एक टॅक्सी चढत येत होती, तिच्यामागे लोकरीच्या गठड्यांचा ट्रक. ती रस्त्याच्या मधोमध गेली, अंगावरचं कांबळं सोडलं आणि दोन्ही हातांनी पसरून धरलं.

"ए बाई, मरायचंय का?" टॅक्सीवाला डोकं बाहेर काढून ओरडला. "बाजूला हो!"

"नाही होत! आत माणूस मेलंय, त्याला उठवतायत. तू गप उभा राहा!"

टॅक्सीवाल्यानं इंजिन बंद केलं. ट्रकवालाही उतरला. वाऱ्यानं कांबळं हातातून सुटू पाहत होतं. मागे गाडीच्या उघड्या दारातून सेबोलेलोचे दाबणारे हात दिसत होते, वर-खाली, वर-खाली. मग ती ओरडली, "कुणी हात लावू नका!" माकोपानोचं जड अंग एकदा उसळलं आणि पडलं. काहीच नाही. पुन्हा दाबणं. सेबोलेलोच्या कपाळावरून घाम ओघळत होता, ती दातओठ खाऊन मोजत होती. पुन्हा ओरडली. अंग पुन्हा उसळलं.

मग एक आवाज आला. घशात अडकलेला घास सुटावा तसा. मालिकेलेलीनं माकोपानोचे हजार आवाज ऐकले होते, सगळे भांडणाचे. हा नवीन होता. कांबळं तिच्या हातातून निसटलं आणि वाऱ्यानं दरीत गेलं. तिकडे तिनं पाहिलंही नाही.

टॅक्सीतले लोक खाली उतरून एकेक करून रस्त्याच्या कडेला उभे राहिले आणि गाडी निघेपर्यंत तिथून हलले नाहीत. फाकिसो चाकांचे दगड काढून स्टिअरिंगवर बसला. "थांबलो मी, म्मे," तो म्हणाला.

"पाहिलं. आता चाल."

मासेरूच्या मोठ्या इस्पितळात माकोपानो बरेच दिवस होती. मालिकेलेली भेटायला गेली तेव्हा ती उशीला टेकून सूप पीत होती.

"माझ्या रांजणाचं काय केलंस?" तिनं पहिल्यांदा हेच विचारलं.

"ओतून दिला."

"वाटलंच मला." तिनं चमचा खाली ठेवला. "चांगली उतरली होती या खेपेला. तुझ्यापेक्षा चांगली."

"मरून आलीस तरी खोटं बोलायचं सोडलं नाहीस."

दोघी हसल्या नाहीत. माकोपानोनं तिला खुर्ची दाखवली, एवढंच. पुढेही त्यांचं वैर काही मिटलं नाही. पण त्या दिवशी मालिकेलेली खुर्चीवर संध्याकाळपर्यंत बसून होती.

इकडे सेबोलेलोला कामावरून दूर ठेवलं होतं. वरिष्ठांनी तिला जाब विचारला: परवानगी न घेता सरकारी मशीन का नेलं? मालिकेलेलीनं ते ऐकलं आणि खोऱ्यात निरोप धाडला, की निशाणं आता सेबोलेलोसाठीही खालीच राहतील. या वेळी कुणाला समजवावं लागलं नाही. टॅक्सीवाल्यानं घाटातली गोष्ट प्रत्येक थांब्यावर सांगितली होती. ज्या पुरुषांनी मालिकेलेलीला शिव्या दिल्या होत्या, ते आता इस्पितळाच्या कुंपणावर ओळीनं, कांबळी पांघरून, मुकाट बसून राहायचे. पीत नव्हते आणि उठतही नव्हते.

शेवटी बोलली ती मेट्रन. चौकशीला आलेल्या साहेबापुढे तिनं सांगितलं, की सिस्टरला परत घ्या, आणि मशीन यापुढे गाडीतच राहील, कपाटाची किल्ली मी टाकून दिलीय. माकोपानोला नेलं त्या शनिवारी तिनं स्वतः दोन्ही बाळंतपणं केली होती, आणि त्यातलं एक पोर पायाळू होतं. फाटकाशी मालिकेलेली भेटली तेव्हा ती तुटकपणे म्हणाली, "हे मी तुझ्यासाठी नाही केलं."

"माझ्यासाठी नकोच होतं," मालिकेलेली म्हणाली.

निशाणं चढली. लोकरीच्या दिवसांची सगळी तहान खोऱ्यानं एका दिवसात भागवली, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत एकही मास्तर आला नाही.

पण सगळं गोड झालं असं नाही. त्यानंतर आलेल्या हिवाळ्यात वरच्या वाडीतला एक म्हातारा त्याच गाडीतून गेला. सेबोलेलो बरोबर होती, मशीन होतं, फाकिसोनं घाटात गाडी थांबवली, तिनं हात दुखेपर्यंत छाती दाबली, आणि म्हातारा उठला नाही. त्याचा मुलगा दफनाच्या दिवशी मालिकेलेलीच्या अंगावर धावून आला. "कुठंय तुझं मशीन? काय केलं त्यानं? त्याच्यासाठी खोरं तहानेलं ठेवलंस!"

लोक मध्ये पडले. मालिकेलेली मागे सरली नाही.

"मशीन देव नाही, बाबा," ती म्हणाली. "मी तसं कधी म्हटलं नाही. पण तुझा बाप कसा गेला, शेवटी काय बोलला, हे सिस्टर तुला सांगेल. जा, विचार तिला. माझ्या माणसाचं मला कुणीच सांगू शकलं नाही."

तो मुलगा पाठ फिरवून निघून गेला. मग तो सिस्टरकडे गेला की नाही, हे तिनं कुणाला विचारलं नाही. त्या रात्री मात्र तिला झोप लागली नाही, आणि सकाळी तिनं रांजण ढवळायला घेतला तेव्हा तिचे खांदे दुखत होते, जणू रात्रभर तिनंच कुणाची छाती दाबली होती.

वसंतात मासेरूहून एक अधिकारी आला. गाडीला नवा रंग दिला होता, मशीनसाठी भिंतीला पक्की जागा केली होती, आतल्या काचेच्या जागी सरकतं दार बसवलं होतं. इस्पितळासमोर मांडव घातला, रिबन बांधली. अधिकाऱ्यानं सरकारनं ग्रामीण जनतेसाठी केलेल्या कामाबद्दल भाषण केलं, मग तो माइक घेऊन म्हणाला, "आता या भागातल्या एक म्मे आपल्या सर्वांतर्फे आभार मानतील."

मालिकेलेली उठली. दुखवट्याचं वर्ष संपलं होतं. रिवाजाप्रमाणे काळे कपडे जाळून झाले होते आणि तिनं मुलीनं पाठवलेला निळा झगा घातला होता. माइक तिनं दूर सारला. तिच्या आवाजाला त्याची गरज नव्हती.

"आभार कशाचे?" ती म्हणाली. "ते मशीन आधीपासून इथंच होतं. गाडी इथंच होती. सिस्टर स्वतःच्या पायांनी चढली. मी आभार मानायला आले नाही, विचारायला आलेय. सेबोलेलो एकटी आहे. ती मासेरूला गेली की बाळंतिणींकडे कोण बघतं? मेट्रनबाईंचे गुडघे गेलेत. दुसरी सिस्टर कधी येणार?"

अधिकारी हसला. "म्मे, त्याचा विचार चालू आहे."

"विचार आम्ही पुष्कळ पाहिलेत. कधी?"

खुर्चीवरच्या मेट्रननं मान खाली घातली नाही. तीही अधिकाऱ्याकडेच पाहत होती. मागे बसलेल्या बायकांमधून कुणीतरी म्हणालं, "कधी?" मग दुसरीनं विचारलं. मग काठी टेकून बसलेली माकोपानो, जिला डॉक्टरनं जोरात बोलायला बंदी केली होती, ती सगळ्यांत मोठ्यानं म्हणाली, "बाई विचारतेय ना, कधी?"

अधिकाऱ्यानं घड्याळाकडे पाहिलं. मग बायकांकडे. त्या कांबळी गुडघ्यांभोवती नीट गुंडाळून बसल्या होत्या, आणि उठायची घाई त्यांच्यापैकी कुणालाच नव्हती.